वरातीतला लीड

शिरूर अनंतपाळ, निलंगा, उदगीर या पट्ट्यात लग्नसराईत वरातीपुढे बेंजो पार्टी वाजते. टेम्पोवर स्पीकरची चवड, जनरेटर, ऑक्टोपॅड, ढोल-ताशा आणि मधोमध बेंजोवाला. रॉक बँडमध्ये लीड गिटारिस्टचा जो मान, तोच इथे त्याचा. गायक नसला तरी अडत नाही, गाणं बेंजोच म्हणतो.

हा बेंजो म्हणजे कातडं ताणलेला अमेरिकी बँजो नव्हे. जपानात नागोयाच्या गोरो मोरिता यांनी 1912 साली टायपरायटरसारख्या कळांचं 'ताइशोगोतो' घडवलं. आपल्याकडे त्याचं बुलबुल तरंग झालं, आणि पिकअप-अँप्लिफायर जोडून महाराष्ट्राने त्याला रस्त्यावर उतरवलं. लातूरच्या रितेश देशमुखला घेऊन रवी जाधव यांनी 2016 मध्ये 'बँजो' सिनेमा काढला, तो याच वाद्याचा.

डाव्या हाताने कळ दाबली की तार खालच्या पडद्यावर टेकते; उजव्या हातातली नखी ती छेडते. खरी अडचण इथेच आहे. गिटारवाला बोटाने तार ताणून सूर चढवतो. बेंजोवाल्याचं बोट तारेपर्यंत पोचतच नाही. कळेवर जोर दिला तर सूर किंचित वर सरकतो, बस. मींड निघत नाही म्हणून तो मुरकी घेतो. खालची कळ दाबून ठेवायची, नखी एकदाच मारायची आणि वरची कळ झटझट दाबून सोडायची. तार पडद्यावर आपटते, त्यामुळे नखीविनाही सूर उमटत राहतात. गिटारिस्ट एडी व्हॅन हेलनने 1978 च्या 'इरप्शन'मध्ये दोन्ही हातांची बोटं तारांवर आपटून सुरांची जी सरबत्ती केली, तिच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. आपटण्याचा हा आवाज मुळात बारीक, अँप्लिफायर त्याला मोठं करतो. अँप्लिफायर आणखी रेटला की ध्वनिलहरींचे शेंडे कापले जातात. सूर खरखरीत होतो आणि जास्त वेळ टिकतो. त्याहून लांब सूर हवा असेल तर नखी वर-खाली अशी भरभर चालवावी लागते, की दोन आघातांमधली फट कानाला कळू नये. मला विचाराल तर बेंजोवाल्याची तयारी या उजव्या मनगटात दिसते.

कस लागतो तो 'नागिन' सिनेमातल्या बीनला. हेमंतकुमारांच्या संगीतातली 1954 ची ती बीन कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन या कळांच्या वाद्यावर वाजवली होती. म्हणजे मूळ बीनही कळांवरचीच! डीजेवर ती लावली की ठरल्या वेळी संपते. बेंजोवाला मात्र दातांत रुमाल धरून रस्त्यावर लोळणाऱ्या पोरावर नजर ठेवून असतो. पोरात दम आहे तोवर तोच तुकडा फिरवत राहतो, दर फेरीला एखादी मुरकी वाढवतो, ताशेवाल्याला मानेनेच खूण करतो, आणि पोरगं उठलं की थेट पुढच्या गाण्याच्या मुखड्यावर येतो.