रद्द मानके, चालू यंत्रे

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात दुरुस्तीला येणारे जुने यंत्र बहुधा कधीच रद्द झालेल्या मानकाप्रमाणे बनलेले असते. ऑइल इंजिनाचा सिलिंडर असो की उसाच्या चरकाचे दातेरी चाक, नवा भाग ओतायचा तर मूळ ड्रॉइंगवरचा मानक क्रमांक आणि त्यापुढचे वर्ष पाहावे लागते. क्रमांक मिळतो, त्या वर्षाची आवृत्ती मिळत नाही.

मोजमापाचे बरेचसे काम पुस्तकाविना भागते. अर्धा इंची व्हिटवर्थ बोल्टला इंचात १२ आटे असतात, अमेरिकी यूएनसीला १३. पिच गेज लावला की टर्नरला फरक कळतो. खरी अडचण धातूची आहे, कारण ताकद गेजने मोजता येत नाही. करड्या बिडाच्या आयएस २१० या भारतीय मानकात आज एफजी २०० म्हणजे दर चौरस मिलिमीटरला किमान २०० न्यूटन ताणबल. जुन्या आवृत्तीत हीच प्रत ‘ग्रेड २०’ होती. तो आकडा किलोग्रॅम-बलाचा, म्हणजे सुमारे १९६ न्यूटन. ब्रिटिश बीएस १४५२ च्या जुन्या आवृत्तीतही ‘ग्रेड २०’ आहे, पण तिथे हिशेब दर चौरस इंचाला टनांचा, म्हणजे सुमारे ३०९ न्यूटन. विलायती ड्रॉइंगवरच्या ‘ग्रेड २०’चा अर्थ भारतीय धरला, तर कास्टिंग हुबेहूब उतरते आणि ताकद दोन-तृतीयांशही भरत नाही. कोणती आवृत्ती, हा प्रश्न म्हणूनच थेट कामगाराच्या सुरक्षेचा आहे.

पोलादाचेही तसेच. ईएन ८, ईएन २४ ही नावे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश मालिकेतली. पुढे बीएस ९७० मध्ये ईएन ८ चे ०८०एम४० झाले, तरी बाजारात मागणी जुन्याच नावाने होते. नाव टिकले, त्यामागचा तक्ता हरवला.

आपल्याकडची मानके काढणारी भारतीय मानक संस्था १९४७ ची. १९८७ मध्ये तिची जागा भारतीय मानक ब्यूरोने घेतली. प्रचलित भारतीय मानके आता बहुतांशी ब्यूरोच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात, पण नवी आवृत्ती निघाली की आधीची बाजूला पडते. ग्रंथालये अभ्यासक्रमाबाहेरची आवृत्ती काढून टाकतात आणि कारखाना बंद पडला की कपाटातले कागद रद्दीत जातात. ही हानी टाळता येण्यासारखी आहे, म्हणून ती अधिक खटकते.

शोधणाऱ्याला काही वाटा आहेत. १९१४ पासून निघणाऱ्या ‘मशिनरीज हँडबुक’च्या जुन्या आवृत्त्यांत आट्यांचे तक्ते सापडतात. कार्ल मालामूद यांच्या पब्लिक रिसोर्स या संस्थेने हजारो भारतीय मानके इंटरनेटवर ठेवली. त्यावरून वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार सरकारी आणि सार्वजनिक संस्थांच्या प्रकाशनांवरचा हक्क ६० वर्षांनी संपतो. त्या हिशेबाने १९६० च्या सुमाराची मानके स्कॅन करून कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या उद्योजक संघटनांना सर्वांसाठी ठेवता येतील. त्यानंतरच्या आवृत्त्यांसाठी मात्र ब्यूरोची परवानगी लागेल.