हमी कामाची, जबाबदारी दोघांची

सातारा/सांगली - सरकारी मदतीने माणूस आळशी होतो, की मदतीविना तो उभाच राहू शकत नाही, हा वाद जुनाच आहे. २०२४ मध्ये 'लाडकी बहीण' योजनेतून पात्र महिलांच्या खात्यात दरमहा दीड हजार रुपये जमा होऊ लागले आणि तो पुन्हा रंगला. सातारा व सांगली या शेजारी जिल्ह्यांनी मात्र या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच कृतीतून शोधले होते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये तिचे कार्य साताऱ्यात आणले. 'स्वावलंबी शिक्षण' हे संस्थेचे ब्रीद ठरले. ऐपत नसलेल्या मुलाने श्रम करावेत व त्या बळावर शिकावे, ही 'कमवा व शिका'ची रीत होती. त्यामुळे विद्यार्थी कोणाचा मिंधा राहिला नाही. मात्र निवारा, शिक्षक आणि काम मिळवून देण्याचा भार संस्थेने स्वतःच्या खांद्यावर घेतला.

हेच सूत्र सांगली जिल्ह्यात शेतमजुरांसाठी वापरले गेले. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर लाखो हात खडी फोडण्याच्या, रस्त्यांच्या आणि पाझर तलावांच्या कामाला लागले. माण, खटाव, जत, आटपाडी या कायम दुष्काळी तालुक्यांना या योजनेचे मोल वेगळे सांगावे लागले नाही. निधीसाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरातील पगारदाराचा पैसा अशा रीतीने दुष्काळी बांधावर पोचला. १९७७ मध्ये संमत झालेला कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

हमी म्हणजे काय?

'मागेल त्याला काम' हे या योजनेचे मर्म होय. काम अंगमेहनतीचे आणि मजुरी बेताची. त्यामुळे ज्याला खरोखर गरज आहे तोच कामावर येतो. गरीब कोण, हे ठरविण्यासाठी वेगळी चाळणी लागत नाही. २००५ च्या केंद्रीय कायद्यानेही हीच कल्पना स्वीकारली. त्याने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी दिली. मागणीनंतर १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्त्याची तरतूद केली.

म्हणजेच जबाबदारी एकट्या मजुराची नव्हती. परंतु ही मुदत मोजायची, तर मागणीची तारीख कागदावर यावी लागते. तोंडी मागणी केली आणि पोच मिळाली नाही, तर हक्क हवेत विरतो. मजुरी रखडली की चूल थांबत नाही. मग मजूर उचल घेऊन ऊसतोडीला जातो आणि 'लोकांना कामच नको' असा शेरा मात्र त्याच्याच माथी बसतो.

वृद्ध, निराधार, अपंग यांना हा निकष लावता येत नाही. संजय गांधी निराधार योजनेसारखे अर्थसाहाय्य त्यांच्यासाठीच आहे. ज्याच्या अंगी बळ आहे त्याने घाम गाळावा, ही अपेक्षा रास्तच. पण त्याने काम मागितल्यावर ते वेळेत देणे आणि दाम वेळेत चुकविणे, हे शासनाचे कर्तव्य आधी पार पडले पाहिजे.