केशरी की काळा?

बी.एस्सी.ला सॉल्ट अ‍ॅनालिसिस केलेल्यांना तो रंग आठवत असेल. आम्लयुक्त द्रावणात किपच्या उपकरणातून हायड्रोजन सल्फाइड सोडायचा, नासक्या अंड्यांचा वास सोसायचा आणि परीक्षानळीत झेंडूसारखा केशरी साका दिसला, की वहीत बेधडक ‘अँटिमनी’ लिहायचे.

तो साका म्हणजे अँटिमनी ट्रायसल्फाइड. हाच पदार्थ खाणीतून निघतो तो मात्र करडा-काळा. त्याचे खनिज म्हणजे स्टिब्नाइट. जपानमधल्या इचिनोकावा खाणीतले त्याचे तलवारीसारखे लांब स्फटिक संग्रहालयांत मानाने मांडलेले असतात. धंद्याचा मोठा साठा चीनच्या हुनान प्रांतातला. चकाकी पोलादाची, पण नखानेही ओरखडा उमटतो! अँटिमनीचे दोन अणू आणि गंधकाचे तीन, हे प्रमाण दोन्हीकडे सारखेच. साक्यात ते अस्ताव्यस्त असतात. हवा लागू न देता साका तापवला, की अणू शिस्तीत बसतात आणि केशरी भुकटी काळी पडते.

खनिजातून तो वेगळा काढणे फारसे अवघड नाही. साधारण ५५० अंश सेल्सिअसला तो वितळतो, सोबतचा दगड तसाच राहतो. रस खाली ओघळू द्यायचा. अँटिमनीची पूड गंधकाबरोबर तापवूनही तो तयार होतो.

इंग्लंडमध्ये जॉन वॉकर यांनी १८२७ साली विकायला काढलेल्या घर्षणाच्या काड्यांच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट आणि हाच सल्फाइड होता. पुढे सुरक्षित काडेपेटी आली, तांबडा फॉस्फरस पेटीच्या कडेला गेला, तरी अनेक काड्यांच्या गुलात अँटिमनी टिकून राहिला. काडी ओढताच फॉस्फरसची ठिणगी पडते, क्लोरेट ऑक्सिजन पुरवतो आणि सल्फाइड जळतो. फटाक्यांनाही तो हवाहवासा होता. पण अँटिमनीची संयुगे विषारी. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये शिसे, पारा, आर्सेनिक आणि लिथियमसोबत अँटिमनीलाही फटाक्यांतून बाद केले. सुरमा म्हणून तो डोळ्यांत घालायची रीत जुनी असली, तरी बाजारातला सुरमा पुष्कळदा शिशाचा सल्फाइड असतो. तो डोळ्यांपासून लांबच बरा.

हल्ली संशोधकांना भुरळ पडली आहे ती त्याच्या दोन रूपांची. अस्ताव्यस्त आणि स्फटिकी थरांतून प्रकाश वेगवेगळा वाकतो, म्हणून प्रकाशावर चालणाऱ्या चिपमध्ये त्याचा ‘स्विच’ करता येतो. स्फटिक करायला नुसते तापवणे पुरते. उलट जायचे तर थर वितळवून निमिषार्धात गार करावा लागतो, आणि हे पुनःपुन्हा करूनही तो फुटता कामा नये. घोडे अडते ते इथे.