‘सिंहासन’ : वार्ताहराचे साक्षित्व

वृत्तपत्रसृष्टी आणि गुन्हेगारी यांचा संबंध चित्रपटांनी मुख्यतः दोन रीतींनी रंगविला आहे. एका रीतीत वार्ताहर शोधक असतो, तर दुसरीत तो साक्षी असतो. पहिल्या रीतीचा नमुना म्हणून रिचर्ड ब्रूक्स यांच्या ‘डेडलाइन यू. एस. ए.’ (१९५२) ह्या अमेरिकन चित्रपटाचा निर्देश करता येईल. त्यातील दैनिक विकले जाऊन बंद पडण्याच्या बेतात आहे. तरीही संपादक एका गुंडाच्या दुष्कृत्यांचा पुरावा मिळवितो आणि धमकावणाऱ्या त्या गुंडाला दूरध्वनीवरून छपाईयंत्रांचा धडधडाट ऐकवितो. छापलेला शब्द गुन्ह्याला पुरून उरतो, अशी त्या चित्रपटाची श्रद्धा आहे.

दुसऱ्या रीतीचे श्रेष्ठ मराठी उदाहरण म्हणजे डॉ. जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’ (१९७९) होय. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ ह्या कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी त्याची पटकथा रचली. साधू स्वतः पत्रकार होते. मंत्र्यांची दालने, कामगारांच्या संघटना आणि तस्करांचे जग ह्या तिन्हींना जोडणारा दुवा त्यांना वार्ताहरातच सापडावा, हे स्वाभाविकच होते. निळू फुले यांनी साकारलेला दिगू टिपणीस सत्तेच्या वर्तुळात सहज वावरतो. मुख्यमंत्री (अरुण सरनाईक) आणि त्यांच्या आसनावर डोळा ठेवून असलेले अर्थमंत्री दाभाडे (डॉ. श्रीराम लागू) यांच्यातील डावपेच तो जवळून पाहतो.

परंतु ठाऊक असणे आणि छापणे यांत मोठे अंतर आहे. विश्वासाने कानी आलेली गोष्ट छापावी, तर पुढची दारे बंद होतात. दडवावी, तर मौनाला सहभागाचा वास येऊ लागतो. दिगूची शोकांतिका ह्या कात्रीत आहे. म्हणूनच ह्या चित्रपटाच्या अखेरीस यंत्रांची धडधड ऐकू येत नाही. ऐकू येते ते दिगूचे वेड्यासारखे हसणे.

हैदराबादेतील मराठी वाचकाला, मग तो काचीगुड्यात राहो वा कुकटपल्लीत, हा प्रश्न परका वाटू नये. हैदराबाद संस्थानाच्या भारतातील विलीनीकरणाचा पुरस्कार करणारे ‘इमरोज’ ह्या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये ह्याच शहरात हत्या झाली. छापल्याचे मोल त्यांनी प्राणांनी चुकविले. न छापल्याचे मोल दिगू मनःस्वास्थ्याने चुकवितो. साधूंच्या कादंबऱ्या वर्गात शिकविताना दिगूला काय कळले, एवढ्यावर थांबू नये. कळूनही त्याला काय लिहिता आले नाही, हे विद्यार्थ्यांना अवश्य विचारावे.