शहापूरचा पाऊस आणि शहापूरचे पाणी

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी आणि बोरिवली येथील नळांना येणारे बहुतेक पाणी उपनगरांच्या हद्दीबाहेरून, ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांच्या डोंगराळ पट्ट्यातून येते आणि त्याचा मोठा भाग भांडुपच्या संकुलात शुद्ध होतो. १८९२ साली पूर्ण झालेले तानसा आणि मुंबईच्या एकूण पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी पुरवणारे भातसा ही दोन्ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. १९५७चे मोडकसागर आणि २०१४चे मध्य वैतरणा त्याच परिसरात आहेत. तरीही याच तालुक्यातील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. टँकरचे पाणी बहुधा आटलेल्या विहिरीत ओतले जाते आणि बायका ते पुन्हा दोरीने शेंदून, हंडे डोक्यावर घेऊन घरी नेतात.

या विसंगतीचे मूळ पावसाच्या कमतरतेत नाही. शहापुरात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, परंतु तो चार महिन्यांतच कोसळतो आणि खाली कठीण काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट खडक असल्यामुळे भेगा आणि झिजलेला वरचा थर वगळता पाणी साठण्यास जागा उरत नाही. धरणांचे पाणी बऱ्याच अंशी उताराने शहराकडे जाते. अनेक पाडे मात्र जलाशयापेक्षा उंचावर असल्याने तेच पाणी त्यांच्यापर्यंत नेण्यासाठी पंप, वीज आणि कायमचा खर्च लागतो.

शाश्वत पाणीपुरवठा म्हणजे केवळ नळजोडणी नव्हे, तर मे महिन्यातही न आटणारा उद्भव, म्हणजे पाण्याचा मूळ स्रोत, आणि गावाला परवडणारी देखभाल. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटरचे प्रमाण ठरवले. त्यानुसार २०० लोकवस्तीच्या पाड्याला दिवसाला ११,००० लिटर, तर पावसाळ्यानंतरच्या आठ महिन्यांसाठी सुमारे २६ लाख लिटर पाणी लागते. अडीच हजार मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर अडीच कोटी लिटर पाणी टाकतो. म्हणजे पाड्याची ही गरज एका हेक्टरवरील पावसाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढीच आहे.

पडल्या जागी पाऊस साठवण्याचा उत्तम दाखला बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातच आहे. कान्हेरीच्या लेण्यांत जवळजवळ प्रत्येक विहाराशेजारी कातळात टाकी खोदलेली असून पन्हळींद्वारे उतारावरचे पाणी तिच्यात वळवलेले आहे, आणि या व्यवस्थेवर तेथील भिक्षुसंघ शतकानुशतके राहिला. आजच्या पाड्यांसाठी मातीने भरलेल्या पोत्यांचे वनराई बंधारे, जमिनीखालचा प्रवाह अडवणारे भूमिगत बंधारे आणि झऱ्यांचे संरक्षण ही त्याच विचाराची साधने आहेत.

उपसा करण्यासाठी लहान वस्त्यांना सौर दुहेरी पंपाची योजना विशेष सोयीची ठरते. एकाच विंधन विहिरीवर हातपंप कायम ठेवून आत सौर विजेवर चालणारा पाणबुडी पंप सोडला जातो आणि तो ५,००० लिटरची उंच टाकी भरतो. ढगाळ दिवशी किंवा पंप बिघडल्यास हातपंप उपयोगी पडतो. परंतु सुटे भाग मिळाले नाहीत, वीजबिल थकले किंवा पाणीपट्टी जमा झाली नाही, तर कोणतीही योजना काही वर्षांतच बंद पडते. आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील देशांत असंख्य हातपंप सुटे भाग आणि देखभालीअभावी निकामी झालेले आहेत. म्हणूनच ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती सक्रिय असणे आणि पंपाची निगा राखणारी प्रशिक्षित व्यक्ती गावातच असणे हे जलवाहिनीइतकेच आवश्यक ठरते.

मात्र साराच भार गावावर टाकणे न्याय्य नाही. ज्या पाणलोट क्षेत्रावर, म्हणजे ज्या भूभागावरचे पाणी वाहत येऊन जलाशयात जमा होते त्यावर, महानगर जगते, तेथील जंगल, झरे आणि माती राखणाऱ्या वस्त्यांची तहान भागवणे हे महानगराचेही कर्तव्य आहे. शहरी ग्राहकाच्या पाणीपट्टीतील ठरावीक वाटा या पाड्यांच्या उद्भवांसाठी आणि देखभालीसाठी राखून ठेवला, तर ती मदत ठरणार नाही. पाण्याच्या खऱ्या किमतीचा तो आजवर न भरलेला भाग असेल.