रशियन मुली, ठाण्याच्या मुली आणि कर्जत लोकल

जून २०२२मध्ये हरियाणातल्या पंचकुला इथे झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत ठाण्याच्या संयुक्ता काळे हिने रिदमिक जिम्नॅस्टिक्सची पाचच्या पाच सुवर्णपदकं घेतली. हूप, बॉल, क्लब्ज आणि रिबन या चार साधनांची चार, आणि सर्वसाधारण विजेतेपदाचं पाचवं. बातमी वर्तमानपत्रांत आली, दोन दिवसांनी विसरलीही गेली. आमच्या कर्जत-खालापूर भागात मात्र तेव्हापासून एक प्रश्न अधूनमधून कानावर येतो. मोबाइलवर आठ-दहा वर्षांच्या रशियन मुली पाय डोक्यामागे नेऊन उभ्या राहिलेल्या दिसतात. आई-वडील विचारतात, आपल्या मुलीला हे जमेल का? आणि बहुतेक वेळा उत्तरही तेच देतात : त्यांची हाडंच वेगळी असतात हो!

हाडं वेगळी नसतात. वेगळं काय असतं, ते नीट पाहायला हवं.

आधी खेळ समजून घेऊ. १३ मीटर बाय १३ मीटरच्या गालिच्यावर, संगीताच्या साथीने, सव्वा ते दीड मिनिटाची एक रचना सादर करायची. साधन हातात नुसतं धरून चालत नाही. ते सतत फिरत, उडत, अंगावरून घरंगळत राहिलं पाहिजे. गुण चार बाजूंनी मोजतात : शरीराच्या अवघड हालचाली (उड्या, तोल, गिरक्या), साधनाची अवघड हाताळणी, कलात्मकता आणि सफाई. शेवटच्या दोन गोष्टी दहापैकी; त्यातून चुकांचे गुण वजा होतात. साधन हातून पडलं आणि जागच्या जागी उचललं तर अर्धा गुण जातो. त्याच्यामागे तीन पावलं धावावं लागलं तर पूर्ण एक. मोठ्या गटाची रिबन सहा मीटरची, ज्युनियरची पाच. या लांबीमुळेच पंखा लावून सराव करता येत नाही. कोकणातल्या मे महिन्यात बंद हॉलमध्ये, पंख्याविना, तीन तास. व्हिडिओत हे दिसत नाही.

ज्युनियर म्हणजे तेरा ते पंधरा वर्षं. ज्या वर्षात मुलीला सोळावं पूर्ण होतं, त्या वर्षापासून ती वरिष्ठ. म्हणजे ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धा हा दरवाजा फार थोडा काळ उघडा असतो, आणि तोही नेमका मुलीची उंची झपाट्याने वाढण्याच्या वयाच्या आसपास. काल जमलेली गिरकी आज जमत नाही, कारण पायाची लांबी बदललेली असते.

आता रशिया. तिथे मोठ्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेला 'चेम्पिओनात' म्हणतात आणि मुलांच्या स्पर्धेला 'पेर्वेन्स्त्वो', म्हणजे साधारण 'अव्वल क्रमांकाची स्पर्धा'. विजेतेपद हा शब्द मोठ्यांसाठी राखून ठेवलेला आहे. मला हा फरक शहाणपणाचा वाटतो. आपण दहा वर्षांच्या पोरालाही 'चॅम्पियन' म्हणून मोकळे होतो. मुलींचे गट पुष्कळदा जन्मवर्षावरून पाडतात, त्यामुळे स्पर्धा बरोबरीच्या वयात होते.

त्या स्पर्धेच्या आधी एक लांब जिना असतो. सोव्हिएत काळात, १९३०च्या दशकात, खेळाडूंच्या श्रेणींची पद्धत सुरू झाली आणि ती अजून चालू आहे. आधी लहान मुलांच्या तीन श्रेणी, मग मोठ्यांच्या तिसरी, दुसरी, पहिली. त्यानंतर 'उस्तादपदाचा उमेदवार' आणि मग 'खेळाचा उस्ताद'. प्रत्येक पायरीला काय आलं पाहिजे हे ठरलेलं. राष्ट्रीय ज्युनियर स्पर्धेत उतरणारी मुलगी साधारण उमेदवाराच्या पायरीवर असते. जिना कुठे असतो? शहरोशहरीच्या बाल-युवा क्रीडाशाळांत. तिथे पगारी प्रशिक्षक असतो, बॅले शिकवणारी बाई असते, पियानो असला तर वाजवणाराही असतो. अगदी फुकट नसतं, पोशाखांचा खर्च घरावरच पडतो. पण हॉल घराजवळ असतो.

याचा पुरावा दार्या वार्फोलोमेयेव्ह. पॅरिसमध्ये २०२४ला वैयक्तिक सुवर्ण तिने मिळवलं, जर्मनीसाठी. ती जन्मली आणि पहिले धडे शिकली सैबेरियातल्या बार्नाउल या शहरात. बाराव्या वर्षी जर्मनीत गेली. मॉस्कोपासून तीन हजारांहून अधिक किलोमीटर दूरच्या गावात इतका पक्का पाया घातला जाऊ शकतो, ही खरी रशियन गोष्ट. २००० ते २०१६ या पाचही ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण रशियाकडे राहिलं, ते या पायावर.

हाडांचा मुद्दा राहिला. रिओ २०१६ची विजेती मार्गारिता मामून. तिचे वडील बांगलादेशातल्या राजशाहीचे, आई रशियन. ज्युनियर असताना ती काही काळ बांगलादेशाकडूनही खेळली. तिला मुख्य प्रशिक्षिका इरिना विनेर 'बंगालची वाघीण' म्हणत. अर्ध्या बंगाली हाडांना ऑलिंपिकचं सोनं मिळालं. आता काय म्हणावं?

मात्र याच मुलीवर 'ओव्हर द लिमिट' हा २०१७चा माहितीपट आहे आणि तो मुलीला क्लासला घालण्याआधी आई-वडिलांनी पाहावा. रिओपूर्वीच्या तिच्या तयारीत प्रशिक्षिका तिला ज्या भाषेत झापतात, ते ऐकून सोन्याची चमक उतरते. रशियाचा जिना घ्यावा, ही भाषा घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि हा फक्त वागणुकीचा प्रश्न नाही. वाढत्या वयात पाठ सतत मागे वाकवल्याने कमरेच्या मणक्याला बारीक तडा जाणं हे जिम्नॅस्टमध्ये ओळखीचं दुखणं आहे. वजन कमी ठेवण्यासाठी जेवण तोडलं की पाळी लांबते, हाडं ठिसूळ होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४मध्ये यावर निवेदनच काढलं. म्हणून मूल रडत असताना कुणी खांद्यावर दाब देऊन पाय फाकवायला लावत असेल, तर तो क्लास त्याच दिवशी सोडावा. लवचिकता महिन्यांत येते, दिवसांत नाही.

आपल्याकडे मल्लखांब आहेच, असं लगेच कुणीतरी म्हणतं. आहे, आणि त्याचा अभिमानही आहे. २०१९मध्ये पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा मुंबईत शिवाजी पार्कला झाली. दोरीचा मल्लखांब तर शाळेच्या तुळईला किंवा चिंचेच्या फांदीलाही टांगता येतो, म्हणून तो गावागावांत पोचला. त्याने हाताची पकड, पोटाची ताकद आणि धीर येतो. पण रिदमिकला लागतात उंच उडी, एका पायावरची गिरकी आणि बॅलेची बैठक. ते मल्लखांबातून येत नाही. दोन्ही खेळ चांगले. एकाची उणीव दुसरा भरून काढत नाही.

मग ठाण्याला हे कसं जमलं? पूजा सुर्वे आणि मानसी सुर्वे यांच्यासारख्या प्रशिक्षिका एकाच शहरात वर्षानुवर्षं टिकून शिकवत राहिल्या आणि मुलींना रोज पोचता येईल असा हॉल होता. बार्नाउलचंच छोटं रूप.

कर्जतहून ठाणे लोकलने सव्वा तासाच्या आसपास. खोपोलीहून आणखी अर्धा तास धरा, आणि त्या गाड्या मोजक्याच. मुलगी शाळा सुटल्यावर निघाली तर जाण्यायेण्यात तीन ते चार तास, सराव तीन तास. अभ्यास आणि झोप कुठे बसवायची? दहा वर्षांच्या पोरीबरोबर आईला रोज जावं लागतं, म्हणजे आईची नोकरीही गेली. आठवड्यातून दोनदा जाणारी मुलगी रोज सराव करणाऱ्या मुलीशी ज्युनियर स्पर्धेत भिडते, तेव्हा निकाल गालिच्यावर पाऊल ठेवण्याआधीच बराचसा ठरलेला असतो. त्यात मुलीचा दोष शून्य.

हॉलचं गणित मात्र वाटतं तितकं अवघड नाही. राज्याच्या धोरणात २००१पासून तालुका क्रीडा संकुलांची योजना आहे आणि त्यात बॅडमिंटनचा हॉल बांधायची पद्धत आहे. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४० मीटर लांब आणि ६.१० मीटर रुंद. दोन कोर्टं शेजारीशेजारी, मध्ये मीटरभर जागा, की १३ बाय १३ आपोआप बसतं. साधन उंच फेकायला आठ-दहा मीटर उंचीचं छत लागतं. चांगल्या बॅडमिंटन हॉललाही तेवढंच लागतं. खर्च राहतो गालिच्याचा, आणि आठवड्यातून तीन-चार दिवस ठाण्याहून उलट दिशेने लोकल पकडून येणाऱ्या एका प्रशिक्षिकेच्या मानधनाचा. संध्याकाळी त्या दिशेची गाडी भरलेली असते, पण तिकडून एकीने येणं हे इकडून वीस मुलींनी जाण्यापेक्षा सोपं.