त्रिरश्मीच्या पायथ्याशी : विद्यार्थ्यांच्या मनाला विसावा

परीक्षा जवळ आल्या की वस्तीतल्या घराघरांतून एकच तक्रार कानावर येते. "पोरगी धड जेवत नाही, रात्र-रात्र जागते." महाविद्यालयात जाणारी आपली कितीतरी मुले घराण्यातली पहिलीच पदवीधर होणार असतात. त्यांच्या डोक्यावर नुसते अभ्यासाचे ओझे नसते. रखडलेली शिष्यवृत्ती, वसतिगृहाची चिंता, घरचे कर्ज, आडनाव ऐकताच बदलणारा समोरच्याचा चेहरा, आणि त्यावर "आता सगळी भिस्त तुझ्यावर" हे आई-वडिलांचे मायेचे पण जड शब्द!

अशा मुलामुलींना घेऊन आम्ही कार्यकर्ते रविवारी सकाळी नाशिकच्या त्रिरश्मी डोंगराच्या, म्हणजेच पांडवलेण्यांच्या पायथ्याशी बसतो. एक सतरंजी आणि झाडाची सावली एवढेच लागते. आनापानसतीसाठी तथागतांनी रान, झाडाचा बुंधा किंवा निवांत जागा सुचविली आहे. पाठ ताठ, डोळे मिटलेले, लक्ष नाकपुडीपाशी. श्वास मुद्दाम लांबवायचा नाही, रोखायचा नाही. जसा येतो-जातो तसा फक्त जाणायचा. मन पेपरकडे पळाले की स्वतःवर न चिडता त्याला परत आणायचे. वीस मिनिटे असे बसून झाल्यावर ज्याला बोलावेसे वाटेल त्याने बोलायचे. बाकीच्यांनी उपदेश न करता ऐकायचे. खरे मोकळेपण पुष्कळदा या बोलण्यातच येते.

काही बांधव विचारतात, "लढायचे सोडून पोरांना डोळे मिटायला शिकवता काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर याच डोंगरावर कोरलेले आहे. येथील दहाव्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्याने लेण्यात राहणाऱ्या भिक्खूंसाठी ३००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी २००० वर दरमहा शेकडा एक व्याज. आम्ही कारकून माणसे, हिशेब करून पाहिला. वर्षाचे २४० होतात. त्यातून २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२, हिशेब चोख! म्हणजे ध्यान करणाऱ्याच्याही अंगावरच्या वस्त्राची तजवीज समाजाने आधी केली होती. म्हणून आमचे म्हणणे असे की शिष्यवृत्तीसाठी अर्ज, पाठपुरावा, मोर्चा, सगळे झालेच पाहिजे. श्वास पाहून शिष्यवृत्ती मिळत नाही. पण ती मिळेपर्यंत पोर खचू नये, यासाठी श्वास उपयोगी पडतो.

ध्यान हे संसार सोडलेल्यांचे काम, हा समजही खरा नाही. ब्रह्मदेशाचे सयाजी ऊ बा खिन महालेखापालांच्या कचेरीत कारकून म्हणून लागले आणि देश स्वतंत्र झाल्यावर स्वतः महालेखापाल झाले. त्या कचेरीतल्या नोकरदारांनाही त्यांनी विपश्यना शिकविली. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका यांनी आपल्याच जिल्ह्यात, इगतपुरीला उभारलेल्या धम्मगिरी केंद्रात १९७६ पासून शिबिरे होत आहेत. दहा दिवसांच्या शिबिराला फी नाही; खर्च दानावर चालतो.

मात्र एक गोष्ट ठामपणे सांगतो. ध्यान हे औषध नव्हे. मूल आठवडेच्या आठवडे उदास असेल, झोप उडाली असेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर त्याला मोठ्या शिबिराला धाडू नका. आधी डॉक्टरकडे न्या. सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत बोलता येते. यात लाज कसली? ताप आला तर आपण दवाखाना गाठतोच ना!

आई-वडिलांनी एवढे करावे. संध्याकाळी दहा मिनिटे टी.व्ही. बंद करून मुलांसोबत शांत बसावे. निकालाआधी "किती टक्के?" हे विचारू नये, "जेवलीस का?" हे मात्र रोज विचारावे. आणि एखादा विषय राहिलाच, तर तो पुन्हा देता येतो, हे मुलांना आजच, परीक्षेच्या आधीच सांगून ठेवावे.